डोळे दिपणे आणि न दिसणे



‘डोळे दिपणे’ हा वाक्प्रचार आपण मराठी माणसे बहुधा कौतुकाने वापरतो. कुणाच्या वैभवाने आपले डोळे दिपतात, कुणाच्या विद्वत्तेने. परंतु तिन्हीसांजेला सिंहगड रस्ता ओलांडू पाहणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थांचे डोळे समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याने दिपतात, तेव्हा त्यात कौतुकाचा भाग नसतो. गाठ जिवाशी असते. आज त्या दिपण्याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक सोपा प्रयोग करू. हात लांब करून अंगठा उभा धरा आणि त्याच्या नखाकडे पाहा. साधारण त्या नखाएवढ्याच टापूत आपली दृष्टी खरी तीक्ष्ण असते. अक्षर वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे त्या टापूतली. बाजूची दृष्टी हालचाल टिपते, पण बारकावे तिच्या हाती लागत नाहीत. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, मध्यभागी पिवळसर ठिपका असतो. त्याला पीतबिंदू म्हणतात. त्याच्या मधोमध जेमतेम दीड मिलिमीटर रुंदीचा खळगा आहे. आपल्या सगळ्या वाचनलेखनाचा भार त्या खळग्यावर!

आता दुसरा प्रयोग. माझ्या डोक्याशेजारी जो दिवा आहे, तेवढाच तळहाताने झाका. माझा चेहरा पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसू लागेल. प्रकाश कमी केला आणि दिसू अधिक लागले, हे कसे? डोळ्याचे भिंग कितीही निर्मळ असले तरी त्यात शिरलेला थोडा प्रकाश विखुरतो आणि दृष्टिपटलावर धुक्यासारखा पसरतो. १९२६ साली अमेरिकेत हॉलाडे यांनी आणि १९२९ साली इंग्लंडात स्टाइल्स यांनी या धुक्याचे मोजमाप केले. दिवा आणि आपण पाहतो ती वस्तू यांमधला कोन निम्मा झाला, की धुके सुमारे चौपट होते. त्यात वयाची भर पडते. आज प्रमाण मानल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे सत्तराव्या वर्षी ते तरुणपणाच्या जवळजवळ दुप्पट असते; मोतीबिंदू असेल तर त्याहूनही अधिक.

हे झाले ‘न दिसणे’. ‘त्रास होणे’ ही बाब वेगळी. हॉलंडमधील द बूर यांनी १९६७ साली त्यासाठी नऊ पायऱ्यांचे माप सुचवले. नऊ म्हणजे जाणवतही नाही, एक म्हणजे असह्य. या दोन गोष्टी हातात हात घालून चालतातच असे नाही. एखाद्याला फार त्रास होतो, तरी त्याला दिसत असते; दुसरा तक्रार करीत नाही, पण समोरचा माणूस त्याला दिसलेला नसतो. म्हणून “मला तर काही त्रास होत नाही” हे तरुण चालकाचे उत्तर पुरेसे नाही.

निसर्गाने थोडी तजवीज केली आहे. पीतबिंदूचा पिवळा रंग निळसर प्रकाश गाळतो, आणि आजच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांत निळा अंश बराच असतो. हा रंग ज्यांच्यात दाट, त्यांना झगझगीत प्रकाश अधिक सोसतो, असे अमेरिकेतील स्ट्रिंगहॅम आणि हॅमंड यांच्या २००७-०८ च्या संशोधनात आढळले. हा रंग, म्हणजे ल्युटीन आणि त्याचे भाईबंद, शरीर स्वतः तयार करीत नाही. तो अन्नातूनच मिळतो. आपल्या मेथीत, पालकात तो आहे. दसऱ्याच्या झेंडूतून तर तो कारखान्यांत काढतात. तेलात विरघळणारा असल्यामुळे फोडणीची पालेभाजी येथे कामास येते. मात्र भाजीने मोतीबिंदू हटत नाही. त्याला शस्त्रक्रियाच हवी.

राहिला दिवा लावणारा. आपल्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे. तेथे वाहनांच्या दिव्यांचा झोत कोठे किती पडतो हे मोजतात. परंतु तेथे तपासला जातो तो कारखान्याचा दिवा. पुढे आपण त्यात बाजारातला जास्त झगझगीत बल्ब घालतो, किंवा स्कूटरवर मागे दोघांना बसवतो आणि तिचे तोंड वर उचलले जाते. झोत एका अंशाने वर गेला, तर पंचवीस मीटरवर तो सुमारे ४४ सेंटिमीटर उंच पडतो; म्हणजे छातीवरचा उजेड डोळ्यांत जातो.

तेव्हा श्रोतेहो, मागणे थोडेच आहे. समोरून कोणी येत असेल तर अप्परचा दिवा डिप्परवर आणावा. वर्षातून एकदा मेकॅनिककडून झोताची दिशा तपासून घ्यावी. घरातील वडीलधारी माणसे रात्री बाहेर पडण्यास कां कूं करू लागली, तर त्याला भित्रेपणा समजू नये. त्यांना नेत्रवैद्याकडे न्यावे. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून त्यांना दिसते आहे असे धरून चालू नये.