दिवस मोजताय, पण बरोबर मोजताय का?

कबनूरहून आजचा भाग. विषय जरा लाजायचा आहे. हवं तर हेडफोन लावा, पण ऐका.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण १० टक्के पारंपरिक पद्धतीवर अवलंबून आहेत. म्हणजे दिवस पाळणं किंवा नवऱ्यानं ऐनवेळी बाजूला होणं. दहात एक! पण त्यांना दिवस मोजायला शिकवलं कुणी?

सरकारी दवाखान्यात कंडोम, माला-एन, छाया, अंतरा इंजेक्शन, कॉपर-टी मिळते; ऑपरेशनही होतं. दिवस मोजणं ही वस्तू नाही, त्यामुळं ती कपाटात दिसत नाही.

खरं तर हा प्रयोग जुना आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं बेंगळुरूजवळच्या रामनगरमला बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. तो काही रुजला नाही.

आता हिशोब बघा. स्त्रीबीज फार तर एक दिवस टिकतं, शुक्राणू मात्र ५ दिवसांपर्यंत. म्हणून पाळी नेमानं २६ ते ३२ दिवसांनी येत असेल, तर पहिल्या दिवसापासून मोजून ८ ते १९ हे दिवस टाळायचे. अगदी काटेकोर पाळलं तरी वर्षात १०० पैकी ५ जणींना दिवस जातात. एरवी १२ जणींना. पाळी अनियमित असेल किंवा नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर हा हिशोब लागू नाही. अन् लैंगिक आजारांपासून यात संरक्षण शून्य.

सॉफ्टवेअरवाला म्हणून एक सांगतो. पाळीचं साधं ॲप मागच्या तारखांवरून अंदाज बांधतं. स्क्रीनवरचा तो गोल म्हणजे तुमच्या शरीराचा रिपोर्ट नव्हे. अंदाज चुकला तर ॲप अपडेट होईल, पोटातलं बाळ नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: धोरणात हे शिकवणं आलं पाहिजे, आकड्यांसकट, मर्यादांसकट. आशाताईंनी गोळ्यांसोबत हेही समजावून सांगावं, आणि नवऱ्याला शेजारी बसवून. कारण ते १२ दिवस त्यानं ऐकलं नाही, तर बाईनं कितीही मोजलं तरी काय उपयोग?

तोवर नुसत्या ॲपवर विसंबू नका, दवाखान्यात विचारा. भेटू पुढच्या भागात!