ठसका थांबल्यानंतर



दाणे निवडीत बसलेल्या आजीच्या सुपाशी दीड-दोन वर्षांच्या नातवाने दुडूदुडू यावे, मूठभर शेंगदाणे तोंडात कोंबावेत आणि त्याच क्षणी कोणी हसवल्यामुळे त्याला जोराचा ठसका लागावा, हा प्रकार आपल्याकडे इतका नित्याचा आहे की, टाळूवर थोपटून ‘वर बघ, वर बघ’ म्हणण्यावरच घरोघरी त्याचा निकाल लागतो. ठसका थांबला, म्हणजे संकट टळले असे आपण धरून चालतो. माझी तक्रार आहे ती या समजुतीविषयी.

श्वासनलिकेच्या दोन शाखांपैकी उजवी अधिक रुंद व सरळ असल्याने आत गेलेला दाणा बहुधा तिकडे उतरतो; तेथे तो स्थिरावला की खोकला शमतो, मूल पूर्ववत खेळू लागते, आईचा जीव भांड्यात पडतो; परंतु दाणा ओलाव्याने फुगत जातो, नलिकेचे अस्तर सुजते, आणि पुढे कित्येक आठवडे त्या लेकरावर दम्याचे वा न्यूमोनियाचे इलाज चालू राहतात. क्ष-किरणांच्या छायाचित्रात नाणे स्पष्ट दिसते, दाणा सहसा दिसत नाही. म्हणून त्या दिवशीच्या ठसक्याची हकीकत डॉक्टरांना सांगण्यात हयगय करू नये.

फिलाडेल्फियाचे डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकांतून व अन्ननलिकांतून काढलेल्या २,००० हून अधिक वस्तू, त्यांत बटणे, नाणी, उघड्या सेफ्टी पिनासुद्धा, तपशीलवार नोंदींसह जतन केल्या, आणि तेथील म्युटर संग्रहालयात त्या आजही आहेत. घड्याळातील वा खेळण्यातील चपटी, बटणासारखी बॅटरी मात्र त्या सर्वांहून घातक: अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही ती आतून गंभीर भाजते, तेव्हा तिच्या बाबतीत ‘उद्या पाहू’ म्हणणे केवळ अक्षम्य आहे.

मूल जोराने खोकत असेल, तर खोकू द्यावे. चाचपडत घशात बोट घालू नये, केळे भरवू नये. आवाजच फुटेनासा झाला, ओठ निळे पडू लागले, तर कोणाला तरी मदतीसाठी पिटाळून, वर्षाच्या आतील बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरावे व खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने न भागल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर पाच वेळा दाबावे, आणि वस्तू निघेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. इस्पितळात जाताना शक्य तर त्याच जातीची दुसरी बी, दुसरे बटण बरोबर न्यावे. नेमके काय काढायचे आहे, हे ते पाहून डॉक्टरांना कळते.