रीळ जपलं, कागदांचं काय?

विस्मृतीत गेलेल्या स्वतंत्र चित्रपटांचं जतन आणि पुनःप्रदर्शन, हा आजचा विषय. बुरशी धरलेले डबे आणि आंबूस वास मारणारी फिल्म यांच्याबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि बोललं जावंच. मी मात्र माझी मिनिटं कागदांवर खर्च करणार आहे. निर्मात्याचा करार, गाण्यांचे परवाने, निगेटिव्ह कुठल्या लॅबमध्ये ठेवली त्याची पावती. रीळ शाबूत असूनही चित्रपट लोकांपुढं येत नाही, तेव्हा घोडं पुष्कळदा इथंच अडलेलं असतं. अमेरिकेतल्या चार्ल्स बर्नेट यांचा ‘किलर ऑफ शीप’ घ्या. विद्यार्थी असताना, दहा हजार डॉलरांच्या आत त्यांनी तो पुरा केला; कत्तलखान्यात राबणाऱ्या एका कृष्णवर्णीय माणसाच्या घरची ती गोष्ट. १९९० मध्ये तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्याला राष्ट्रीय ठेव्याच्या यादीत मानाचं पान दिलं. पण थिएटरात तो रीतसर लागला २००७ मध्ये! कारण पडद्यामागं वाजणाऱ्या जुन्या गाण्यांचे हक्क घेतलेले नव्हते. ते सोडवायला सुमारे दीड लाख डॉलर पडले. चित्रपटाच्या खर्चाच्या निदान पंधरापट रक्कम राहून गेलेल्या कागदांवर गेली.

आपल्याकडं हे समजायला भाऊबंदकीतला वाडा डोळ्यापुढं आणा. उताऱ्यावर नाव आजोबांचं, वारस सतरा. कुणी पुण्यात, कुणी परदेशात, एकाचा पत्ताच नाही. कौलं गळताहेत हे सगळ्यांना दिसतं, पण शिडी लावायची कुणी? एखादा पदरचे पैसे घालायला तयार झाला, तरी सह्या जमेपर्यंत तुळई खाली येते. चित्रपटांचंही तसंच. स्वतंत्र चित्रपटाचा निर्माता म्हणजे अनेकदा चार मित्र, नाहीतर कधीच गुंडाळलेली एखादी संस्था. वाटेकरी फार असले की वाटोळं ठरलेलंच, असं मात्र नाही. १९७६ च्या ‘मंथन’साठी गुजरातेतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घातले. वाटेकरी पाच लाख, पण त्यांच्या वतीनं सही करणारा दूध महासंघ आजही खंबीर उभा आहे. म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली निगेटिव्ह आणि फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडच्या प्रिंटवरचा ध्वनी एकत्र येऊ शकले, आणि २०२४ मध्ये श्याम बेनेगलांचा हा चित्रपट कान महोत्सवात व लगेच जूनमध्ये देशभरच्या थिएटरांत झळकला. वाड्याला कारभारी होता, एवढंच. त्याच १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ पाहा. तेंडुलकरांची पटकथा, नाना फडणवीस मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. केला ‘युक्त’ या सहकारी संस्थेतल्या तरुणांनी. त्याची प्रिंट जपली बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेनं, आणि २०१४ मध्ये तो डिजिटल रूपात पुन्हा लोकांपुढं आला तोही तिथूनच. पुण्याची गोष्ट बर्लिनकरांनी सांभाळली, त्यांचे उपकारच. पण घरचे कारभारी कुठं होते, हे विचारायला नको का?

कुणी म्हणेल, यूट्यूबवर सगळं असतंच की. असतं, व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेलं, रंग विटलेलं, आणि उद्या काढून टाकलं तर दाद मागता येणार नाही असं. दुसरा आक्षेप वजनदार आहे: आधी पैसा उभा करा, कागद मागाहून बघू. पण पैसा देणारा पहिला प्रश्न विचारतो, हे कुणाचं आहे? आणि तिसरा आक्षेप, की कायदा आहेच. आहे ना! आपल्या कायद्यानं चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो. १९७६ चा चित्रपट मोकळा होणार २०३६ च्या अखेरीस. फिल्म काही तोवर कायदा वाचत थांबत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल नक्कल करता येते, पण ती चार लोकांना दाखवायची तर पुन्हा हक्कदार शोधा. तो सापडतच नसेल, तर वर्तमानपत्रात सूचना देऊन परवाना मागायची सोय आहे. पण त्या वाटेवर वकील लागतो, आणि फिल्म सोसायटीच्या चिटणीसाला चहाच्या बिलाचीच चिंता असते.

म्हणून पुन्हा तेच सांगतो, कंटाळलात तरी चालेल: जतन म्हणजे रीळ अधिक कागद. आज चित्रपट करणाऱ्या मुलामुलींनो, एक पान लिहा. हक्क कुणाचे, किती वाट्यांनी. गाणी कुणाकडून आणि किती वर्षांसाठी घेतली. मूळ प्रत कुठं. आणि आपल्यामागं सही कोण करणार. चौघांनी मिळून केला असेल तर भांडण होण्याआधी लिहा. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात चित्रपट केले, त्यांच्या घरच्यांनी कपाटातल्या जुन्या फायली रद्दीत देऊ नयेत. हार्ड डिस्कवर विसंबणाऱ्यांना थोडं सुनावायचं होतं, आणि संग्रहालयांनी ही पानं कशी जमा करावीत तेही… पण समोरून खूण झाली आहे. तेवढं एक पान लिहाच.