घर मागताना
(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



मी वकील नव्हे. पण घरमालकीण म्हणून सहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढले, तेवढ्या अधिकारावर चार शब्द बोलते.

पुण्यात आमचा जुना वाडा. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत सासूबाईंच्या वेळेपासूनचे बिऱ्हाड. माझ्या दोन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू वळले ते तिथल्या काकूंनीच. पुढे थोरल्याचे लग्न ठरले, वर जागा पुरेना. आम्ही खोल्या मागितल्या, काकांनी नाही म्हटले, आणि २००३ साली आम्ही दावा लावला. त्या दिवसापासून अंगणातल्या नळावर काकू आणि मी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहू लागलो.

माझी समजूत अशी की, घर आमचे, गरज आमची. मग अडचण कसली? वकिलांनी समजावून दिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे मालकाला स्वतःसाठी जागा मागता येते. पण गरज खरी असावी लागते. आणि ताबा दिल्याने अधिक हाल कोणाचे, न दिल्याने कोणाचे, हेही न्यायाधीश तोलून पाहतात. शिवाय अशी मिळालेली जागा महिन्याच्या आत वापरात आणली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू ती कोर्टातून परत मागू शकतो.

दावा चालू असतानाच काका वारले. भाड्याच्या पावत्या सगळ्या त्यांच्या नावावर. खरे सांगते, 'आता काकूंचा हक्क तो काय उरला?' असे माझ्या मनात येऊन गेले. वकिलांनी मान हलवली. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याजवळ राहणाऱ्या पत्नीचा हक्क हा कायदा राखतो.

घरी आले तो काकू ओसरीवर पावत्यांची पिशवी घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, "सूनबाई, मला यातले काही कळत नाही. तूच सांग, मला जावे लागेल का ग?"

भगिनींनो, दावा लावणारी मी, आणि विचारणार कोणाला तर मलाच! मी खरे तेच सांगितले. पण सांगताना मान वर करवली नाही.

जागेचा काही भाग देऊन दोघांचीही गैरसोय टळत असेल, तर तेवढ्याच भागाचा हुकूम करावा, असेही त्याच कलमात आहे. तोच धागा धरून २००९ साली तडजोड झाली. एक खोली आम्हाला, एक काकूंना. मधल्या दाराला घातलेली कडी माझ्या सुनेने महिन्याभरात काढली. काकू अखेरपर्यंत तिथेच राहिल्या.

जाता जाता थोडे व्यवहाराचे. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. तेव्हा ती द्या आणि मागाही. करार लेखी करून नोंदवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. भाडे थकले तरी नोटिशीनंतर नव्वद दिवस दावा लावता येत नाही. आणि भांडण कितीही पेटो, कोणाचे पाणी, वीज तोडू नका. कायद्याने तो गुन्हा आहे.

कोर्ट आहेच. पण तिथे जाण्याआधी एकदा ओसरीवर जाऊन बसा. मी सहा वर्षे उशिरा बसले.