पंपाची जुनी हवाई बंदूक

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत, रसीन शहरीं, १९४७ सालीं शेरिडन कंपनीची पांच मिलिमीटर गोळीची हवाई बंदूक निघाली. ती महाग पडली. म्हणून १९४९ पर्यंत स्वस्त नमुने आले. तींत बारूद नाहीं. दट्ट्यानें कोंडलेली हवाच गोळी लोटते.

अशी जुनी बंदूक घेणाऱ्यानें प्रथम नळी रिकामी आहे ना, हें पाहावें. मग थोडी हवा भरून, घटकाभर थांबून, सुरक्षित दिशेस चाप ओढावा. नुसतें ‘टक्’ वाजलें, तर झडपेंतून हवा निसटली असें समजावें. झडपेची गादी बदलतां येते. परंतु झाळलेला सांधा तापवूं नये. पॉलिशनें चकाकी येते, मात्र जुनेपण जातें. तें कोणाहि कारागिरास परत आणतां येत नाहीं.