गिटारमधून आलेला गळा

आज एकच गाणं घेऊन आलोय, आणि त्याला शब्द नाहीत. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना रेडिओजवळ बोलवा. वरच्या खोलीत दार लावून कुणी गिटार वाजवत बसलं असेल, तर त्यांनाही खाली हाक मारा. रॉक गिटार म्हटलं की आपल्याकडे एक पिढी नाक मुरडते आणि दुसरी हेडफोन चढवते. आज दोघांना एकाच सोफ्यावर बसवायचंय.

गाण्याचं नाव ‘नदिया’. वाजवणारा जेफ बेक. तो इंग्लंडचा, १९४४ चा जन्म, २०२३ च्या जानेवारीत गेला. एरिक क्लॅप्टन आणि जिमी पेज यांच्या बरोबरीने त्याचं नाव घेतात. २००१ मध्ये त्याचा ‘यू हॅड इट कमिंग’ हा अल्बम आला. त्यातल्या ‘डर्टी माइंड’ला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, आणि त्या अल्बमची चर्चा झाली की त्या गाण्याची होते. पाचव्या क्रमांकावर हे ‘नदिया’ आहे. बक्षीसवाल्या गाण्याच्या सावलीत ते मागेच राहिलं. माझ्या मते त्या अल्बममधलं सगळ्यात उत्तम काम तेच आहे.

मूळ गाणं त्याचं नाही. १९९९ मध्ये नितीन साहनी यांचा ‘बियाँड स्किन’ अल्बम आला, आणि २००० च्या मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीतही तो होता. साहनी लंडनमध्ये जन्मलेले आणि केंट परगण्यात वाढलेले. आपल्या कितीतरी मुलांसारखेच, घरात एक संगीत आणि शाळेत दुसरं. ‘नदिया’मध्ये खाली ड्रम भराभर पळतात आणि वर एक आवाज अगदी सावकाश, ठाय लयीत चालतो. तो आवाज स्वाती नाटेकर यांचा. त्या लंडनमधल्या, हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्या गायिका. आडनाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील, माझेही टवकारले होते.

(इथे मूळ ‘नदिया’चा सुरुवातीचा तुकडा.)

आता गंमत इथून पुढे आहे. एखाद्या गाण्याची धून गिटारवर वाजवणं तसं अवघड नसतं. लग्नाच्या हॉलमध्ये कीबोर्डवाला वाजवतोच की. सूर जागच्या जागी लागतात, गाणं ओळखू येतं, पण जीव लागत नाही. कारण आपलं गाणं नुसत्या सुरांत नसतं, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर जाण्याच्या वाटेत असतं. मींड, कण, मुरकी हे सगळं त्या वाटेवरचं. पेटीवर याच कारणाने टीका व्हायची, की तिला मींड काढता येत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, आणि ती पुढे तीस वर्षं टिकली, ते अशाच विचारांतून.

गिटारचीही तीच अडचण. दांडीवर धातूचे पडदे ठोकलेले असतात, त्यामुळे सूर ठरलेले. तार बोटाने बाजूला ओढली की सूर वर चढतो, सतारीसारखाच. पण दाबलेल्या पडद्याच्या खाली सूर उतरवायचा कसा? बेकच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारला एक दांडी असते. तारा जिथे अडकवलेल्या असतात तो पूल स्प्रिंगवर पेललेला असतो. दांडी दाबली की सगळ्या तारा सैल होतात आणि सूर उतरतो. पूल तसा बसवून घेतला असेल, तर दांडी वर ओढून सूर चढवताही येतो. बरेच जण या दांडीचा उपयोग बाँब पडल्यासारखे आवाज काढायला करतात. बेक तिला केसाएवढं हलवतो. वर तो पिक वापरत नाही, नुसत्या बोटांनी छेडतो, आणि आवाजाचं बटण करंगळीने फिरवतो. तार छेडल्याचा ठोका त्यामुळे दबतो आणि सूर श्वासासारखा उगवतो.

या सगळ्या खटाटोपातून त्याने नाटेकरांचा गळा उचललाय. त्या सुरावर येण्याआधी किंचित वरून कण घेतात, तिथे गिटार कण घेते. त्या जिथे दम घेतात, तिथे गिटारही थांबते. रॉक गिटारवाल्याला अशी जागा मिळाली की तो हमखास आपली करामत घुसवतो. बेकने तो मोह आवरला. गुरूसमोर बसलेला शिष्य जसा ‘पुन्हा घे’ म्हटल्यावर पुन्हा घेतो, तसं मला ते ऐकताना वाटतं.

भारतीय आवाज त्याने आधीही उसना घेतला होता. १९६५ मध्ये तो यार्डबर्ड्समध्ये असताना ‘हार्ट फुल ऑफ सोल’ या गाण्यासाठी एका सतारवादकाला स्टुडिओत बोलावलं होतं. ते काही जमेना, म्हणून बेकने गिटारचाच आवाज खरखरीत करून सतारीचा भास आणला. गाणं गाजलं. पण तो नुसता रंग होता, वरून लावलेला. ‘नदिया’पर्यंत पोचायला मध्ये पस्तीस वर्षं गेली.

एक गोष्ट मात्र मला टोचते. असं गाणं पुन्हा वाजवलं की रचनाकार म्हणून साहनींचं नाव लागतं, मान गिटारवाल्याला मिळतो. ज्या गळ्यावरून ते उचललं, त्या गळ्याला या हिशेबात जागाच नाही. गिटार शिकणारी कितीतरी मुलं आज या तुकड्याला ‘बेकचं नदिया’ म्हणतात. त्यातल्या हरकतींचा नीट अभ्यास करतात, आणि ते एका बाईंचं गाणं आहे हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून मुलांनो, हे बसवायला घ्याल तेव्हा आधी नाटेकर ऐका. नोटेशन नंतर उघडा. आणि आजीला विचारा, अमुक जागी काय केलंय. ती ‘मुरकी’ म्हणेल आणि गाऊन दाखवेल. इंटरनेटवरच्या शिकवणीत ते सापडणार नाही.

कुठलं ऐकावं? अल्बममधले ड्रम आता जरा जुनाट वाटतात, त्या काळातल्या संगणकी तालाचं तसंच झालंय. मी सोहोमधल्या रॉनी स्कॉट्स क्लबात नोव्हेंबर २००७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेलं ‘नदिया’ निवडेन. तिथे ताल माणसाच्या हातचा आहे, विनी कोलायुटाचा, आणि बासवर टाल विल्कनफेल्ड आहे. ती तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. बेकची दांडी तिथे जास्त थरथरते, एखादा सूर काठावर डगमगतोही. मला तो डगमगणारा सूरच आवडतो.

लावतोय. आवाज थोडा वाढवा, आणि मधे कुणी चहा विचारू नका.

(‘नदिया’, जेफ बेक, रॉनी स्कॉट्स क्लब. पूर्ण.)