सगळ्यांना कळतं, त्या दोघांना सोडून

मी रायपूरहून बोलतेय, गुढियारीतून. ज्यांनी रायपूर पाहिलंय त्यांना खूण पटेल: स्टेशनच्या पलीकडची बाजू, धान्य-किराण्याचा ठोक बाजार. या सगळ्या गलक्यात आमच्या घरी मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही चौघांनी मिळून 'जाने तू... या जाने ना' पाहिला. सासूबाई, आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक आणि मी. सिनेमा 2008 चा, म्हणजे लेकीच्या हिशेबात अगदी जुनापुराणा. तिनेच लावला होता.

गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. जय आणि अदिती जिवलग मित्र. कॉलेज संपतं तसं अदितीचे आईवडील जयला घरी बोलावून लग्नाचा विषय काढतात, तर ही दोघं हसत सुटतात. आम्ही? छे! मग दोघं ठरवतात, आपण एकमेकांसाठी जोडीदार शोधू. झालं. इथून पुढचे दोन तास जे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळलंय ते त्या दोघांना कधी कळतं, एवढीच वाट बघायची.

सासूबाई मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांनी अर्ध्यात विचारलं, "मग इतके दिवस काय करून राहिले होते हे दोघं?" मला वाटतं, या जातीच्या सिनेमाची याहून चांगली समीक्षा होणार नाही.

आपण अशा सिनेमांना 'टाइमपास' म्हणतो. पण विचार करा, नेहमीच्या प्रेमकथेत अडचण बाहेरून येते. बाप आडवा येतो, जात येते, पैसा येतो, खलनायक येतो. मित्रांच्या प्रेमकथेत बाहेरचं कुणी आडवं नसतं. उलट सगळे तयार बसलेले असतात. अडचण एकच: बोललो आणि समोरच्याने नाही म्हटलं, तर प्रेम तर गेलंच, मैत्रीही गेली. रोजचा फोन गेला, चहा गेला, हक्काने भांडायचं माणूस गेलं. ही भीती खरी आहे. म्हणून असा सिनेमा कितीही हसवत असला तरी आत कुठेतरी धाकधूक चालू राहते.

अब्बास टायरवाला यांनी हा सिनेमा लिहिला आणि दिग्दर्शितही केला. त्यांनी ही धाकधूक फार हुशारीने विनोदात लपवलीय. जयचे दिवंगत वडील भिंतीवरच्या तसबिरीतून त्याच्या आईशी भांडतात. तसबिरीत नसीरुद्दीन शाह आणि समोर रत्ना पाठक शाह, म्हणजे खरोखरचे नवराबायको! आईने मुलाला अहिंसेच्या धड्यांवर वाढवलंय आणि तसबीर म्हणते की राठोडांचा मुलगा मर्द कधी ठरतो, तर कुणाला तरी बदडेल, तुरुंगात जाईल आणि घोड्यावर बसेल तेव्हा. या तिन्ही अटी शेवटी कशा पुऱ्या होतात ते मी सांगत नाही. फक्त मुंबईच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडा दिसतो, एवढं सांगते. सासूबाई त्या घोड्याला इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

पण मला त्यातली मेघना लक्षात राहते. मंजरी फडणीसने केलेली. जय तिच्या प्रेमात पडतो. ती सारखी एक खेळ खेळते: हे काय आहे, ओळख. ढग आहे की आणखी काही? आधी गोड वाटतं. मग कळतं, तिच्या घरी आईबाप सतत भांडतात आणि ते दिसू नये म्हणून पोरीने हा खेळ शोधलाय. हलक्याफुलक्या सिनेमात असा एक कोपरा असला की बाकीचं हसू पोकळ वाटत नाही. अदितीचा भाऊ झालेला प्रतीक बब्बर हा आपल्या स्मिता पाटीलचा मुलगा, त्याचा हा पहिलाच सिनेमा. तो पडद्यावर आला की सासूबाई दर वेळी म्हणायच्या, "डोळे आईचे आहेत." बाकी काही ऐकू द्यायच्या नाहीत.

आता जेनेलियाकडे येऊ. तिचा पहिला हिंदी सिनेमा 'तुझे मेरी कसम', 2003 चा, तोही असाच. शेजारच्या घरातली दोघं, लहानपणापासूनची मैत्री आणि उशिरा उमजलेलं प्रेम. नायक रितेश देशमुख, त्याचाही पहिलाच सिनेमा. तिने नंतर मुलाखतींत सांगितलंय की सुरुवातीला ती त्याच्याशी धड बोललीच नव्हती. मुख्यमंत्र्यांचा मुलगा, म्हणजे गर्विष्ठच असणार असा तिचा समज. मग ओळख, मग मैत्री, आणि 2012 मध्ये लग्न. म्हणजे ज्या गोष्टीत दोघांनी काम केलं तीच गोष्ट पुढे जगले. पटकथेत कुणी असं लिहिलं तर आपण म्हणू, जरा जास्तच झालं.

सगळ्यांचं असं जुळतंच असं नाही. सतीश राजवाडे यांचा 'ती सध्या काय करते' आठवा, 2017 चा. बालपणाची मैत्री आहे, प्रेम आहे, पण वेळ हातातून निघून जाते. त्या नावावरून किती विनोद फिरले आपल्या मोबाइलवर! मला वाटतं, इतके विनोद झाले कारण प्रत्येकाला स्वतःची एक 'ती' किंवा 'तो' आठवला आणि ते थेट कबूल करण्यापेक्षा विनोद पाठवणं सोपं होतं.

आणि आमच्या छत्तीसगढीत 2019 साली सतीश जैन यांचा एक सिनेमा तुफान चालला, 'हंस झन पगली फंस जबे'. म्हणजे हसू नको गं वेडे, अडकशील. नावातच सगळं शास्त्र सांगून टाकलंय. ज्याच्यासोबत मोकळं हसता येतं तिथे माणूस सावध राहत नाही.

तर त्या रविवारी सिनेमा संपला आणि लेकीने विचारलं, "आई, तू कधी बाबांची मैत्रीण होतीस का?"

आमचं लग्न ठरवून झालेलं. मी नागपूरहून इथे आले तेव्हा यांच्याशी माझं एकूण बोलणं अर्धा तास झालं असेल, तेही दोन्हीकडची माणसं दाराआड उभी असताना. मी 'अहो' म्हणायचे, अजूनही म्हणते. मैत्री कधी झाली? ठोक बाजारात यांचा धंदा एक वर्ष पार बसला होता, तेव्हा रात्री हिशेबाच्या वह्या घेऊन आम्ही दोघं बसायचो. बेरीज चुकली की मी हसायचे, मग हेही हसायचे. त्या वर्षी कधीतरी झाली असावी. लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. रितेशनेच दिग्दर्शित केलेला 'वेड' 2022 च्या शेवटी आला, त्यात जेनेलिया बायको आहे आणि नवऱ्याचं मन दुसरीकडे गुंतलेलं. विनोदी नाही तो सिनेमा, पण लग्न आधी आणि ओळख नंतर, हा क्रम मला फार ओळखीचा वाटला.

हे सगळं लेकीला एका दमात कसं सांगणार? मी यांच्याकडे पाहिलं. हे शेंगदाणे खात होते. मी म्हटलं, "अरे, सांग ना काहीतरी!"

सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लेक गप्प. माझ्या तोंडून 'अरे' गेलंय हे मला तेव्हा कळलं. हे दाणे चावत शांतपणे म्हणाले, "बस काय? मला तर वाटलं, तुला आधीच माहीत आहे."